रीड, रीड, डिअर, डिअर: सारख्याच अक्षरांचे जुने इंग्रजी शब्द शिकायला बसताय? आधी हे वाचा

पहिल्यांदा स्क्रॅबलच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या सोंगट्या फळीवर लावून शब्द बनवायच्या खेळाच्या, स्पर्धेला गेलो तेव्हा मला वाटत होतं की आपलं इंग्रजी बरं आहे. समोर एक रिटायर्ड काका बसले होते, चष्मा कपाळावर, खिशात खडीसाखर. त्यांनी दुसऱ्याच खेळीत लावलं आर-ई-डी-ई. मी मनात म्हटलं, काकांना रीडचं स्पेलिंग येत नाही, आणि लगेच चॅलेंज टाकलं, म्हणजे असा शब्दच नाही म्हणून आक्षेप घेतला. शब्द बरोबर निघाला. दंड मला. पुढच्या खेळीला त्यांनी लावलं डी-आर-ई-ई, तेव्हा मी नुसता बघत बसलो. तिसऱ्यांदा त्यांनी जे लावलं ते शेवटी सांगतो, कारण ते आठवलं की अजून झोंबतं.

घरी येऊन वही काढली आणि पुढची दीड-दोन वर्षं हेच करत बसलो. सुरुवातीचे सहा महिने चुकीच्या पद्धतीने केलं, ते तुमचे वाचावेत म्हणून हा उपद्व्याप.

आपण नक्की कशाबद्दल बोलतोय ते आधी. मराठीत 'नवस' घ्या, अक्षरं हलवा, 'वसन' मिळतं, म्हणजे वस्त्र, आज कोणी बोलण्यात वापरत नाही. अजून हलवा, 'सवन', यज्ञातला शब्द. एक रोजचा, दोन अडगळीतले, अक्षरं तीच. इंग्रजीत हे प्रकरण फार मोठं आहे कारण तिथे काना-मात्रा नाहीत, सगळी अक्षरं सुटी, कशीही फिरवा. (स्पेलिंग मी देवनागरीत एकेक अक्षर सुटं करून लिहितोय, जरा सवय करून घ्या.)

लागणारं सामान

- स्क्रॅबलच्या सोंगट्या. संच नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून अक्षरं लिहा, मी तसंच केलं. ई जास्त करा, खऱ्या संचात 100 पैकी 12 ई असतात.
- एक फुलस्केप वही. मोबाईलमधली नोट नको, कारण खाली सांगतो.
- जाड इंग्रजी शब्दकोश, शक्यतो चेंबर्स. नवा परवडत नसेल तर जुनी आवृत्ती बघा, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर टाका. चारशे वर्षांपूर्वीचे शब्द शोधायचेत, आवृत्ती वीस वर्षं जुनी असली तर काय बिघडतं?
- झिझिव्हा नावाचं सॉफ्टवेअर. अक्षरं टाकली की त्यातून बनणारे सगळे शब्द दाखवतं. झिझिव्हा हा स्वतःच एक शब्द आहे, दक्षिण अमेरिकेतल्या एका भुंग्याच्या जातीचं नाव.
- श्रीखंडाचे तीन रिकामे डबे. का ते पायरी 6 मध्ये.

1. आधी यादी ठरवा

ही पायरी मी गाळली आणि पस्तावलो. शब्द 'खरा' आहे की नाही हे कोण ठरवतं? अमेरिकेत आणि कॅनडात एक यादी चालते, बाकी बहुतेक जगात, भारत धरून, कॉलिन्स या शब्दकोशवाल्या प्रकाशकाची. जुन्या शब्दांची खाण म्हणजे कॉलिन्सची, तिच्यात पावणेतीन लाखांच्या वर शब्द आहेत. आणि त्यात एवढं जुनं सामान कुठून आलं याचं कारण चेंबर्स. ब्रिटनमध्ये आधी स्क्रॅबलचा पंच हाच शब्दकोश होता, एडिंबराचा, त्यामुळे स्कॉटिश शब्द पोत्याने, आणि शेक्सपिअर, मिल्टन, स्पेन्सर या जुन्या कवींनी वापरलेले शब्द मुद्दाम जपून ठेवलेले. पुढे पंच बदलला, शब्द राहिले.

मी सुरुवातीला एका अमेरिकन खेळाडूची यादी उतरवून काढली होती, दोन वह्या भरल्या, आणि निम्मी मजा त्यात नव्हतीच.

2. अक्षरं ओळीत लावा

शब्द जसाच्या तसा लिहू नका, आधी त्याची अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावा. खेळाडू याला अल्फाग्राम म्हणतात. हॉटेलचा अल्फाग्राम ई-एच-एल-ओ-टी. आता या पाच अक्षरांतून बनणारा प्रत्येक शब्द वहीत एकाच जागी येणार, हरवणार नाही. वहीच्या पानावर डावीकडे अल्फाग्राम, उजवीकडे शब्द, आणि शब्द झाकून ठेवायला पोस्टकार्ड.

ही युक्ती काही स्क्रॅबलवाल्यांची नाही. शाळेत हुकचा नियम शिकलात ना, स्प्रिंगचा? रॉबर्ट हुकने तो आधी सरळ सांगितलाच नव्हता. 1676 मध्ये त्याने नुसती अक्षरं छापली, क्रमाने लावून: सी-ई-आय-आय-आय-एन-ओ-एस-एस-एस-टी-टी-यू-व्ही. म्हणजे शोध माझा हे सिद्ध करता येईल, पण चोरता कोणाला येणार नाही. दोन वर्षांनी उलगडून सांगितलं, लॅटिनमध्ये, 'उत तेन्सिओ सिक विस', जितकं ताणाल तितकं बल. चौदा अक्षरं, मोजून बघा.

3. पहिला गट एकच घ्या, पण पोटभर

इथे सगळे घाई करतात. एका दिवसात पन्नास गट. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं कोरं. मी सांगतो, पहिला आठवडा फक्त डी-ई-ई-आर घ्या.

चार अक्षरं, त्यात ई दोनदा, म्हणजे फिरवून फिरवून बारा रचना होतात. त्या बारांपैकी पाच खरे शब्द आहेत. डी-ई-ई-आर, हरीण. आर-ई-ई-डी, बोरू किंवा पेटीची रीड. हे दोन सगळ्यांना येतात. उरलेले तीन जुने, आणि खरी गंमत त्यांच्यात आहे.

आर-ई-डी-ई, उच्चार परत रीडच. अर्थ सल्ला. काकांचा शब्द. इंग्लंडचा एक राजा होता एथेलरेड, 1016 मध्ये वारला, डेन्मार्कवाल्यांनी त्याला पार हैराण केलं होतं. त्याला इतिहासात 'अनरेडी' म्हणतात आणि सगळे समजतात की बिचाऱ्याची तयारी नव्हती. तसं नाहीये. जुन्या इंग्रजीत 'रेड' म्हणजे हाच सल्ला, एथेलरेड म्हणजे थोर सल्ल्याचा, आणि त्याला चिडवायला 'अनरेड', ज्याला सल्ला नाही तो. नावातच कोटी. आपण रोज जे वाचणं या अर्थी 'रीड' म्हणतो तेही मुळात याच घरातलं. हे कळल्यावर मी हा शब्द विसरलो नाही, विसरूच शकत नाही.

डी-आर-ई-ई, ड्री. सोसणं, भोगणं. स्कॉटलंडमध्ये 'आपलं विअर्ड ड्री करणं' असं म्हणतात, आणि तिथे विअर्ड म्हणजे विचित्र नाही, नशीब. विअर्डचा जुना अर्थ तोच. म्हणजे आपलं 'भोग भोगणं', शब्दाला शब्द! आणि जाता जाता, विअर्डची अक्षरं हलवलीत तर वाइडर आणि वायर्ड मिळतात, तो गटही वहीत टाका.

डी-ई-आर-ई, उच्चार डिअर. इजा करणं, आता पूर्ण मेलेला शब्द, पण यादीत जिवंत.

आणि हरीणवाला डिअर साधा समजू नका. जुन्या इंग्रजीत तो कुठल्याही जनावराला चालायचा. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये उंदीर-घुशींनासुद्धा 'स्मॉल डिअर' म्हटलंय. जर्मनमध्ये 'टिअर' म्हणजे अजूनही प्राणीच. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः पेन खाली ठेवलं, कारण आपल्या 'मृग'चंही हेच झालंय. संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर, म्हणून मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड, आणि मृगया हरणाचीच असावी लागत नाही. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि दोघींनी 'जनावर'चा अर्थ आवळत आवळत हरणावर आणून ठेवला.

4. ओळखीच्या शब्दाच्या खुंटीला अनोळखी शब्द टांगा

माझी खरी पद्धत एवढीच आहे, बाकी सगळा मालमसाला. नुसता जुना शब्द पाठ करायला गेलात तर राहत नाही. गटातला जो शब्द रोज तोंडात आहे त्याला खुंटी करा.

ई-एच-एल-ओ-टी बघा. खुंटी हॉटेल. बाकीचे दोन: हेलट, म्हणजे जुन्या ग्रीसमधल्या स्पार्टाचा वेठबिगार, आणि थोल, टी-एच-ओ-एल-ई, म्हणजे सहन करणं, उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडकडचा जुना शब्द. माझं वाक्य: 'हॉटेलातला पोऱ्या हेलटसारखा राबतो आणि सगळं थोल करतो.' झालं. थोलचा अजून एक अर्थ आहे, होडीच्या काठावरची ती खुंटी जिला वल्हं अडकवतात. म्हणजे खुंटीला खुंटीच टांगली.

ई-एफ-आय-एल. खुंटी फाइल आणि लाइफ, जुना शब्द लीफ, एल-आय-ई-एफ, अर्थ खुशीने, आनंदाने. सरकारी नोकरीतल्या माझ्या मामाने वाक्य करून दिलं: 'फाइलीत लाइफ गेलं, पण लीफ नाही गेलं.'

एच-ओ-ओ-एस-टी. खुंटी शूट, त्याच्याबरोबर हूट्स, आणि जुना शब्द सूथ, एस-ओ-ओ-टी-एच, म्हणजे सत्य. हा वाक्य न करताही राहील, कारण भाषेचे अभ्यासक सांगतात की सूथ आणि आपलं 'सत्य' लांबचे भाऊ आहेत, एकाच मुळाचे. सूथसेयर म्हणजे भविष्य सांगणारा, ज्युलियस सीझरला मार्चच्या इड्सची, म्हणजे 15 मार्चची, सूचना देणारा तोच.

काही जण म्हणतील अर्थ कशाला, खेळात अर्थ विचारत नाहीत. बरोबर आहे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. पण तो नायजेल रिचर्ड्स आहे. तुमच्या-माझ्या डोक्याला गोष्ट लागते.

5. मागे एस लावून बघा, पण बघूनच

गट पक्का झाला की एक एस वाढवा. हॉटेल, हेलट, थोल या तिन्हीला एस लागतो, आणि वर फुकटात हॉस्टेल मिळतं! एच-ओ-एस-टी-ई-एल, अक्षरं तीच सहा. हॉटेल आणि हॉस्टेल मुळात एकच जुना फ्रेंच शब्द, त्यामुळे हे दोघं पुन्हा एका छपराखाली आलेले बघून बरं वाटतं.

डी-ई-ई-आरला एस लावला तर रीड्स, ड्रीज वगैरे आहेतच, शिवाय सेडर निघतो, एस-ई-डी-ई-आर, ज्यू लोकांच्या वल्हांडणाच्या सणातलं रात्रीचं विधिपूर्वक जेवण. अलिबाग-पेणकडे ज्यांच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंबं होती त्यांना हा नवा नसेल. आणि सीअर्ड, एस-ई-आर-ई-डी, वाळलेलं.

आता सापळा. जुन्या शब्दांपैकी काही आधीच अनेकवचनी असतात, त्यांना एस लावलात की गेलात. शून, एस-एच-ओ-ओ-एन, म्हणजे शूजचं जुनं अनेकवचन. ऑक्स-ऑक्सन असतं ना, तशीच ही मोडणी. त्याला एस नाही. (त्याच अक्षरांचा हून्स, ऑस्ट्रेलियात बेफाम गाडी हाकणारी पोरं.) आईन, ई-वाय-एन-ई, म्हणजे डोळे, त्यालाही एस नाही. मी एकदा आईनला एस लावून नऊ-दहा गुण मिळवल्याच्या आनंदात होतो, समोरच्या कॉलेजच्या पोरीने मान वर न करता चॅलेंज केलं.

6. तीन डबे

प्रत्येक अल्फाग्रामची एक चिठ्ठी, मागे शब्द. नवी चिठ्ठी पहिल्या डब्यात, तो रोज उघडायचा. सगळे शब्द आठवले तर चिठ्ठी दुसऱ्यात, तो आठवड्याने. परत आठवले तर तिसऱ्यात, महिन्याने. चुकलं की कुठल्याही डब्यातून थेट पहिल्यात. झिझिव्हामध्ये हेच आपोआप होतं, पण मला चिठ्ठी हातात लागते. आमच्या घरात एक डबा पाहुण्यांसमोर उघडला गेला होता, श्रीखंड समजून.

7. मग स्पेन्सरकडे या, आधी नको

एडमंड स्पेन्सर, सोळाव्या शतकातला कवी, फेअरी क्वीन या त्याच्या दीर्घकाव्याचे पहिले तीन भाग 1590 चे. याने त्याच्या काळातच जुने झालेले शब्द मुद्दाम वापरले. आज कोणी मराठी कवितेत 'म्हणौनि', 'तैसें' पेरावं तसं. आणि थोडं चुकीचं पेरलं तर? तेच झालं.

डी-ई-ई-वाय हा गट घ्या. खुंटी आय्ड, ई-वाय-ई-डी, डोळे लावून पाहिलं. बाकी दोन, वाय-ई-डी-ई आणि वाय-ई-ई-डी, दोन्हींचा उच्चार यीड, दोन्हींचा अर्थ जाणं. मूळ जुन्या इंग्रजीत हा 'गेला' असा भूतकाळ होता, स्पेन्सरने तो 'जाणे' म्हणून वापरला, आणि शब्दकोशाने त्याची चूक त्याच्या नावासकट जपून ठेवली. नाटककार बेन जॉन्सन तर कुरकुरलाच होता की जुन्यांची नक्कल करण्याच्या नादात याने कुठलीच भाषा लिहिली नाही. पण स्क्रॅबलवाल्यांना त्याचे उपकार आहेत, हातात वाय आणि दोन ई अडकले की यीडच धावून येतो.

सात अक्षरांवर आलात की (सातही सोंगट्या एकदम लावल्या तर वर 50 गुण) ए-ई-आय-एन-आर-एस-टी हा गट सगळ्यात आधी. सातही वेगळी अक्षरं, 5040 रचना. रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर हे कोणालाही सुचतील. रेटसिना ही ग्रीसची राळेच्या वासाची वाइन, स्टीअरिन चरबीतला घटक. आणि जुने दोन: रेसियंट, म्हणजे रहिवासी, रेझिडेंटचंच जुनं रूप, आणि स्टार्नी, स्कॉटिश, इवलासा तारा. चांदणी म्हणा ना. हे दोन्ही अमेरिकन यादीत नाहीत, म्हणून तर पायरी 1.

दुसरा ए-ई-जी-आय-एन-एस-टी. टीझिंग आणि सीटिंग खुंट्या. जुना माल जेनिस्टा, पिवळ्या फुलांचं झुडूप. फ्रान्समधल्या आंजूचा सरदार जेफ्री याची फांदी टोपीत खोवायचा असं सांगतात, लॅटिनमध्ये प्लांटा जेनिस्टा, आणि त्याच्या वंशाचं नाव पडलं प्लँटॅजेनेट, ज्यांनी पुढे तीनशे वर्षांच्या वर इंग्लंडवर राज्य केलं.

8. जिथे बहुतेक जण आपटतात

मोबाईलचा ऑटोकरेक्ट. रीडचं आर-ई-डी-ई टाइप केलं की तो गुपचूप लाल रंग करून टाकतो. माझ्या पहिल्या नोट्समध्ये अशा तीसेक चुका निघाल्या आणि मी त्या चुकाच पाठ केल्या होत्या. म्हणून वही म्हटलं.

'विसरलेले सुंदर शब्द' वगैरे फिरणाऱ्या यादीतून काही घेऊ नका. त्यातले बरेच कोणीतरी परवा बनवलेले असतात. शब्दकोशात स्वतः बघा आणि पुढची खूणही बघा: आर्केइक म्हणजे जुनाट, ऑब्सोलीट म्हणजे मेलेला, स्कॉट, स्पेन्सर अशा खुणा असतात. खूण वहीत उतरवा, शब्द कुठल्या गावचा ते कळलं की तो लवकर बसतो.

हे शब्द ऑफिसच्या मेलमध्ये वापरू नका. मी साहेबांना लिहिलं होतं की तुमचा रीड हवाय. त्यांनी 'रेड व्हॉट?' असं उत्तर पाठवलं.

कानावर जाऊ नका. रीड दोन, डिअर दोन, यीड दोन, उच्चाराने पाठ केलंत तर फळीवर घोळ होणार. हाताने लिहा, अक्षर म्हणत म्हणत.

आणि चॅलेंजचा नियम स्पर्धेला बसायच्या आधी विचारून घ्या. कुठे चुकीच्या चॅलेंजला पाच गुण जातात, कुठे दहा, कुठे तुमची अख्खी खेळीच जाते. त्यावर ठरवायचं किती धाडस करायचं.

तर काकांचा तिसरा शब्द. एच-ओ-एल-टी-ई. होल्ट नावाचा शब्द आहे, म्हणजे झाडी, पाणमांजराचं बीळ, त्याच्या मागे त्यांनी एक ई चिकटवला, दिसायला अगदी जुना, खानदानी. असा शब्दच नाही. पण रीडवर तोंड भाजलेलं, ड्रीवर गप्प बसलेलो, मी मान डोलावली आणि त्यांचे गुण लिहून घेतले. तेवढ्याच फरकाने हरलो. नंतर चहा घेताना त्यांना विचारलं, काका तो होल्टे काय होता हो? तर म्हणाले, "अरे मला हॉटेल लावायचं होतं, जागाच नव्हती. म्हटलं हा पोरगा आता कशालाच चॅलेंज करणार नाही."